खरी गोष्ट ता. क. मध्ये

“आई रोज फोनवर येते, पण बोलत काहीच नाही. काय करू?” कुडाळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मुंबई-ठाण्याहून सुट्टी काढून आलेली मुलं विचारतात. गणपतीत जास्त, शिमग्याला त्याहून थोडी कमी. ही गोष्ट त्यांतल्या एकाची आणि मुख्यतः त्याच्या आईची. दोघांना विचारून लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आईला काकी म्हणू.

काकींचे यजमान आषाढात गेले. मुलगा माघात त्यांना घेऊन आला. “दिवाळीपासून झोपत नाही, शेजारची काकू सांगते. मला म्हणते, सगळा बरा आसा.” रोज रात्री नऊला त्यांचा व्हिडिओ कॉल. काकींचा फोन नीट धरलेला नसतो, त्यामुळे मुलाला दिसतात घराचे वासे आणि आईचं अर्धं कपाळ. “जेवलंस?” “जेवलंय. तू?” “होय.” “बरा.” दीड मिनिटात संपतं. त्यानेच मोजलं होतं.

आधी नेहमीची तपासणी केली. खाणंपिणं, औषधं, जीव नकोसा वाटतो का, हे सरळ विचारलं. तसं काही असतं तर आधी डॉक्टर, मग बाकीचं. (रात्री-अपरात्री कोणी हाताशी नसेल तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतूनही बोलता येतं.) काकींना तसं काही नव्हतं. माणूस गेल्याचं दुःख आहे, ते आत अडलंय, असं मी ठरवून टाकलं.

आणि चुकले. निदान अर्धी तरी.

माझ्याकडे एक आवडता उपाय होता. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1986 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. लिहून उठल्या उठल्या त्यांना जास्तच वाईट वाटे. पण पुढच्या काही महिन्यांत, ज्यांनी घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही लिहिलं होतं, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मी काकींच्या हाती दोनशे पानी वही दिली.

पंधरा दिवसांनी वही कोरी परत आली. “माका रडूक येणा नाय आणि लिवूकय येणा नाय,” काकी म्हणाल्या. “येवढ्या मोठ्या कागदावर काय लिवायचा? जा आसा ता तुमका ठावक आसा.” सातवी शिकलेल्या बाईपुढे दोनशे कोरी पानं म्हणजे नांगरायला दिलेला माळ. मी ओशाळले.

जाता जाता, अगदी चपला घालताना, त्यांनी विचारलं, “मनीऑर्डरीचा कुपन बघितलंस काय कधी, बाय?”

पुढच्या खेपेस त्यांनी पत्र्याचा डबा आणला. यजमान गिरणीत होते. दर महिन्याला मनीऑर्डर यायची आणि फॉर्मच्या खालच्या टोकाला निरोपापुरती जागा असायची. पोस्टमन पैसे मोजून देई आणि तेवढा तुकडा फाडून हातात ठेवी. काकींनी ते सगळे जपले होते. “तब्येतीस जपणे. गाय व्याली का ते कळवणे.” “या खेपेस 20 कमी आहेत. खोलीचे भाडे वाढले.” एकावर नुसतं, “आज पाऊस पाहिला. घर आठवले.” 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर काही महिन्यांनी ते गावी आले ते कायमचे. कुपनं थांबली. “घरी इले आणि बोलणा संपला,” काकी हसून म्हणाल्या. त्या खोलीतलं ते पहिलं हसू.

मी वही बाजूला ठेवली आणि कुपनाएवढे कागद कापून दिले. एका कुपनाला एक उत्तर, चार ओळी, जास्त नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या लिहू लागल्या. गाय व्याली का? “व्याली. पाडी झाली. तुम्ही विचारलंत, मी कळवलं नव्हतं.” चाळीसहून जास्त वर्षं राहिलेली उत्तरं. थोड्या दिवसांनी त्यात भलतीच गंमत आली. एक उत्तर मागीलदारच्या फणसाने लिहिलं होतं: यंदा अंगावर 14 कुयऱ्या आहेत, भाजीला चारच काढाव्यात, ही विनंती. या बाईला लिहिता येत नव्हतं म्हणे! त्या दिवशी मला कळलं, की लिहिण्याचा आनंद दुःखाच्या मागून येतोच असं नाही, कधी तो आधी येऊन बसतो आणि दुःखाला जागा करून देतो.

ही उत्तरं पाठवायची नव्हती. पण मुलाला मात्र एक पत्र पाठवायचं, असं मी सुचवलं. पोस्टात आंतर्देशीय पत्र अजून अडीच रुपयांना मिळतं, कार्ड पन्नास पैशांना. आंतर्देशीयच घ्या म्हटलं, चिकटवता येतं. कार्ड पोस्टमनपासून वाडीपर्यंत सगळे वाचतात, निदान वाचतील असं लिहिणाऱ्याला वाटतं, आणि हात आखडतो. एकच अट घातली: पत्रातलं फोनवर सांगायचं नाही. मुलालाही बजावलं, आईला “पत्रात काय लिहिलंयस?” असं विचारायचं नाही.

पत्र पाच दिवसांनी ठाण्याला पोचलं. पुढच्या खेपेस मुलाने ते आणून माझ्यासमोर वाचलं. “चि. यास अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, मॅडमनी सांगितले.” पुढे सुपारीचा भाव, काजूला आलेला मोहोर, कोणाच्या घरी बारसं. सगळं क्षेम. मग सही. आणि सहीखाली, कडेच्या दुमडीवर अक्षर बारीक करत नेलेलं:

“ता. क. पंप लावायला रात्री उठावे लागते. मला त्या पेटीची भीती वाटते. मागे एकदा झटका बसला होता. तुला सांगितले तर तू बाग सोडून ये म्हणशील.”

माड-पोफळीची बाग घराखाली, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठाला. पाऊस सरला की शिंपणं सुरू होतं. थ्री-फेज वीज येते ती कधी मध्यरात्री, कधी पहाटे. ते काम यजमान करत. या हिवाळ्यात पहिल्यांदा काकी बॅटरी घेऊन एकट्या खाली उतरत होत्या आणि उरलेली रात्र उतरण्याच्या धास्तीने जागत होत्या. नवरा गेला आषाढात, झोप गेली दिवाळीपासून. मधले चार महिने माझ्या डोळ्यांसमोर होते. मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं.

वायरमन आला. अर्थिंग नीट झालं, वीज आली की पंप आपोआप सुरू करणारा ऑटो स्टार्टर बसला. पंधरवड्यात काकी सलग पाच तास झोपू लागल्या. आणि मग, कधी नव्हे त्या, रडल्या. पुष्कळ दिवस रडल्या. ते दुःख खरंच होतं, फक्त पंपाच्या मागे रांगेत उभं होतं.

मुलाने दहावीनंतर मराठीत पत्र लिहिलं नव्हतं. ऱ्हस्व-दीर्घाची लाज वाटते म्हणाला. मी म्हटलं, आई तपासायला बसणार नाही. त्याचं पहिलं पत्र अर्धं पानच होतं, पण त्यातही एक ता. क. होता. तो मी विचारला नाही. रात्रीचा फोन चालूच आहे, अजूनही दीड मिनिटाचाच.

काकी वैशाखात शेवटच्या आल्या, कोकमासाठी रतांबे फोडायला सुरुवात झाली होती. जाताना माझ्या टेबलावर आंतर्देशीय ठेवून गेल्या. त्यावर माझा पत्ता होता, पण अडीच रुपये वाचावेत म्हणून हातीच आणलं, असं म्हणाल्या. अडीच रुपये तर ते घेतानाच गेले होते. मी काही बोलले नाही. आत माझे आभार, मग घरी येण्याचं आमंत्रण, मग फणसाच्या वतीने नमस्कार. खाली:

“ता. क. तुमच्या खोलीतला पंखा फार खडखडतो. पहिल्या दिवसापासून सांगेन म्हणत होते.”