आधी सभासदाचं घर, मग मांडव

प्रश्न: भोसरीतल्या एका कारखान्यात आमची 180 सभासदांची युनियन आहे. वर्गणी महिना 100 रुपये. गेल्या वर्षी आम्ही रक्तदान शिबिर घेतलं, मुलांना वह्या वाटल्या, गावच्या उत्सवाला 25 हजार दिले. जूनमध्ये मात्र एक सभासद हार्ट ॲटॅकनं गेला, तेव्हा गेटवर श्रद्धांजली वाहण्यापलीकडं आमच्या हातून काही झालं नाही. परवाच्या सभेत त्यावरून खडाजंगी झाली. ‘युनियननं पगारवाढीचा करार करावा, बाकीचं सगळं बंद,’ असं निम्मे लोक म्हणतात. मी कार्यकारिणीत नवा आहे. काय करावं? – एक वाचक, भोसरी

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं. सभेतला तो राग रक्तदानावरचा नाही हो. गेलेल्या माणसाच्या घरी युनियनचं कुणी गेलं नाही, त्याचा आहे. म्हणून शिबिरं बंद करून तो शमणार नाही.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात 22 वर्षं युनियनची खजिनदार होते. आमच्या पेंट शॉपमधला एक जण असाच अचानक गेला. तेराव्यानंतर आम्ही दोघी-तिघी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं कपाटावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून पुढं ठेवला. आत नेमणूकपत्र, घड्या घालून फाटत आलेल्या पगाराच्या स्लिपा आणि रेशनकार्ड. पीएफला नॉमिनी म्हणून त्यानं आईचं नाव लावलेलं, कामाला लागला तेव्हाचं, लग्नाआधीचं. बायकोचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. ती घरकाम करायची. कागद जुळत नाहीत म्हणून दोनदा हात हलवत परत आली होती, दोन दिवसांचे खाडे पडले ते वेगळेच. लग्नानंतर जुनं नॉमिनेशन चालत नाही, नवं करावं लागतं, हे त्याला आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं त्याच्याकडून वर्गणी मात्र न चुकता घेतली. ते मला आजही लागतं.

त्यानंतर आम्ही नेम केला. सभासद गेला की दोघांनी घरी जायचं आणि तिन्ही अर्ज स्वतः बसून भरून द्यायचे. पीएफच्या रकमेसाठी फॉर्म 20, पेन्शनसाठी 10-डी आणि विम्यासाठी 5-आयएफ. हा तिसरा पुष्कळांना ठाऊकच नसतो. नोकरीत असताना माणूस गेला तर पीएफला जोडलेल्या ईडीएलआय या विमा योजनेतून वारसांना जास्तीत जास्त 7 लाखांपर्यंत रक्कम मिळते. तिचा हप्ता मालक भरतो, कामगाराच्या पगारातून एक पैसा कापला जात नाही, त्यामुळं स्लिपवर ती दिसतही नाही. विधवेबरोबर दोन मुलांनाही 25 वर्षांची होईपर्यंत पेन्शन असते. माणूस ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत असेल तर अंत्यविधीच्या खर्चाचे 15 हजार वेगळे. यातलं काहीही युनियनच्या खिशातून जात नाही, जातो तो तुमचा वेळ.

आणि इथंच कार्यक्रम कामाला येतात. खंडेनवमीला मशिनची पूजा असते, त्या दिवशी घरची माणसं कारखान्यात येतात. नवरा ज्या प्रेसवर आठ तास उभा असतो तो बायको तेव्हाच पहिल्यांदा बघते. आम्ही त्या दिवशी प्रसादाच्या रांगेशेजारी एक टेबल मांडायला लागलो. प्रत्येकाचा नॉमिनी तपासायचा, आधारवरचं नाव बघायचं आणि बायकोला सगळं समोरच समजावून सांगायचं. पहिल्याच वर्षी कितीतरी जणांच्या नावापुढं अजून आईवडीलच निघाले. आता तर ई-नॉमिनेशन मोबाईलवर होतं. कंत्राटी पोरांनाही त्या टेबलाशी बोलवा. ते सभासद नसतील, पण पीएफ त्यांचाही कापला जातो.

‘युनियनचं काम फक्त करार’ म्हणणाऱ्यांना पुण्याची हमाल पंचायत दाखवा. बाबा आढावांच्या या संघटनेनं 1974 साली ‘कष्टाची भाकर’ हे जेवणाचं केंद्र सुरू केलं, हमालांना परवडेल असं पोटभर जेवण मिळावं म्हणून. त्या बाकावर विद्यार्थी आणि रिक्षावालेही शेजारी बसून जेवत आले. हमालांच्या संघटनेबद्दल शहराला आपलेपणा वाटतो त्यात या भाकरीचा वाटा मोठा आहे, असं माझं मत आहे. उद्या तुमचा संप झाला, तर भोसरीत तुमच्या बाजूनं कोण बोलेल, हे त्या लोकांना विचारून बघा.

उत्सवाच्या 25 हजारांचं म्हणाल तर मी ते युनियनच्या निधीतून दिले नसते. 180 माणसांत सगळ्यांचा देव एक नसतो. ज्याला द्यायचंय त्यानं खुशीनं द्यावं, त्यासाठी वेगळं पावतीपुस्तक ठेवावं आणि हिशेब गेटवरच्या फळ्यावर लावावा. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यानं निधी कशावर खर्चता येतो ते कलम 15 मध्ये सांगितलं होतं. मृत्यू, आजारपण, अपघात, बेकारी यांत सभासदांना आणि त्यांच्या घरच्यांना मदत, मुलांचं शिक्षण, सगळं त्यात होतं. आता त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे, तेव्हा तुमच्या घटनेतलं निधीचं कलम एकदा वकिलाच्या नजरेखालून घाला. मग वर्गणीतले महिना 20 रुपये आपत्ती निधीत टाकायचा ठराव मांडा. महिन्याला 3600 जमतात, वर्षाला 43 हजारांच्या वर.

पण ठराव पुढच्या सभेत. जूनमध्ये गेलेल्या सभासदाच्या घरी या रविवारीच जा. उशीर झालाय, हे आधी कबूल करा आणि मगच कागद मागा. बरोबर एखाद्या सभासदाच्या घरातली बाई न्या. चार पुरुष खुर्च्या ओढून बसले की गेलेल्याची बायको बिचारी स्वयंपाकघराच्या दारातूनच हो-नाही करते आणि डबा बाहेर येतच नाही.