राख तिकडची, दूध इकडचं: अणुचाचण्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

२९ ऑगस्ट हा अणुचाचणीविरोधी आंतरराष्ट्रीय दिन. सोव्हिएत संघाची पहिली चाचणी १९४९ साली याच तारखेला झाली आणि कझाकस्तानातलं सेमिपलातिन्स्क हे चाचणीक्षेत्र १९९१ साली बंद झालं तेही याच तारखेला. त्या निमित्तानं गेल्या अंकात चाचणीस्थळांचा नकाशा दिला होता. त्यावर आलेली निम्मी पत्रं दुधाबद्दल आहेत. कोल्हापूरकरांकडून दुसरं काय येणार!

१९५०-६० च्या काळात अमेरिका, रशियानं उघड्यावर बॉम्ब फोडले. त्याची धूळ आपल्याकडं आली का? गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन वाढलेल्या आमच्या पिढीच्या हाडांत ती असेल का?
— निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ

आली, आणि हाडांत थोडी असणारच. किती, ते बघू.

मोठ्या हायड्रोजन बॉम्बचा ढग ढगांच्याही वरच्या थरात, स्थितांबरात जातो. तिथं पाऊस नाही, म्हणून बारीक कण वर्ष-दोन वर्षं तिथंच फिरत राहतात आणि मग हळूहळू खाली येतात. सर्वांत जास्त ते उत्तर गोलार्धाच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांवर उतरले. कोल्हापूर साडेसोळा अंशांच्या आसपास असल्यानं आपला वाटा कमी. पण खाली आणण्याचं काम मुख्यतः पाऊस करतो, त्यामुळं एकाच जिल्ह्यात गगनबावड्याच्या मातीत शिरोळपेक्षा जास्त पडलं असणार.

दुधासाठी दोन नावं लक्षात ठेवा. पहिलं आयोडीन-१३१. त्याचं अर्धआयुष्य (निम्मं विघटन होऊन संपायला लागणारा काळ) ८ दिवस. गवतावर पडलं की दोन-तीन दिवसांत दुधात उतरतं आणि पिणाऱ्याच्या थायरॉइडमध्ये गोळा होतं. लहान मुलाची ग्रंथी छोटी आणि दूध पिण्याचं प्रमाण जास्त, म्हणून फटका मुलांना. पण ८० दिवसांत ते हजारांश उरतं. हजारो किलोमीटरवरून स्थितांबरामार्गे येणाऱ्या धुळीत ते वाटेतच संपलेलं असतं. दुसरं स्ट्रॉन्शियम-९०, अर्धआयुष्य सुमारे २९ वर्षं. हे कॅल्शियमचं चुलत भावंड, शरीराला दोघांतला फरक नीट कळत नाही, म्हणून ते हाडांत आणि दातांत जाऊन बसतं. अमेरिकेत सेंट लुईस शहरात १९५८ पासून मुलांचे पडलेले दुधाचे दात जमा करून हेच मोजलं गेलं. चाचण्या वाढतील तसं दातांतलं स्ट्रॉन्शियम वाढताना दिसलं. १९६३ च्या करारानं हवेतल्या चाचण्यांवर बंदी आली त्यामागं या दातांचाही वाटा होता. (फ्रान्सनं मात्र १९७४ पर्यंत आणि चीननं १९८० पर्यंत हवेत स्फोट केलेच.)

आता गंमत अशी की दूध हे या बाबतीत गाळणीचं काम करतं. जनावराचं शरीर स्ट्रॉन्शियमपेक्षा कॅल्शियम पसंत करतं, म्हणून कॅल्शियमच्या प्रमाणात पाहिलं तर दुधात वैरणीच्या साधारण दशांशच स्ट्रॉन्शियम उतरतं. पालेभाजी आणि कोंड्यासकट धान्यातून त्या मानानं जास्त जातं.

जगाच्या सरासरीत हवेतल्या चाचण्यांचा वार्षिक डोस १९६३ साली सर्वाधिक, ०.११ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणारा किरणोत्सार मोजायचं एकक) होता. आज तो सुमारे ०.००५ आहे. नैसर्गिक किरणोत्साराचा डोस वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट. म्हणजे कट्ट्यावरच्या दुधाची काळजी करायचीच तर ती भांड्याच्या स्वच्छतेची करा.

दूध उकळल्यावर हे जातं का? तूप, पनीर यांचं काय?
— गृहिणी, कसबा बावडा

उकळून जात नाही. जंतू मरतात, अणू मरत नाहीत. उलट दूध आटवलं तर लिटरमागं प्रमाण वाढतं.

तुपात मात्र स्ट्रॉन्शियम आणि सीझियम (चाचण्यांच्या धुळीतलाच आणखी एक किरणोत्सारी पदार्थ) जवळजवळ नसतंच, कारण दोन्ही पाण्याच्या आणि प्रथिनांच्या बाजूला राहतात, स्निग्धात जात नाहीत. लिंबू घालून फाडलेल्या दुधात आंबटपणामुळं कॅल्शियम सुटतं आणि त्याच्यासोबत बरंचसं स्ट्रॉन्शियमही पनीरच्या पाण्यात जातं. सीझियमही तिथंच. दूषित भागात ते पाणी कणकेत घालायचं नाही, एवढाच याचा व्यवहारी अर्थ. आयोडीनचं दूषण असेल तर दुधाची पावडर करून तीन महिने ठेवली की काम झालं. गोठ्यात त्याहून सोपा उपाय: जनावर चरायला न सोडता आधीचा साठवलेला कडबा घालायचा. सीझियम असेल तर गाईच्या खुराकात रोज दोन-तीन ग्रॅम प्रशियन ब्लू देतात, ते आतड्यातच सीझियम धरून शेणावाटे बाहेर काढतं. चेर्नोबिलनंतर युरोपात हे केलं गेलं. कपड्याच्या निळीशी याची गल्लत करू नका.

ऑनलाइन गायगर काउंटर मागवला. घरात मिनिटाला २०-२५ टिकटिक होते, पण उसासाठी आणलेल्या पोटॅशच्या पोत्याला लावला की एकदम वाढते. खत दूषित आहे का?
— ऊस उत्पादक, शिरोळ तालुका

नाही. तुमचं यंत्र बरोबर चालतंय आणि पोतंही चांगलं आहे. पोटॅशियमचा अगदी थोडा भाग, पोटॅशियम-४०, मुळातच किरणोत्सारी असतो. एक ग्रॅम पोटॅशियम म्हणजे सेकंदाला सुमारे ३१ विघटनं. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये वजनानं जवळपास निम्मं पोटॅशियम, म्हणजे किलोला सुमारे १६ हजार बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन). दुधातही याच हिशेबानं लिटरला ४५-५० बेकरेल असतं आणि आपल्या प्रत्येकाच्या शरीरात चार हजारांच्या घरात. बॉम्बशी याचा काही संबंध नाही. तुमच्या यंत्राला मातीतलं चाचण्यांचं सीझियम मात्र ओळखता येणार नाही. कण कुठल्या मूलद्रव्याचा, हे ते सांगतच नाही.

पण पोटॅशचा विषय काढलाच आहे तर बिकिनीचं सांगायला हवं. पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांवर अमेरिकेनं १९४६ ते १९५८ या काळात ६७ चाचण्या केल्या. बिकिनीच्या लोकांना आधीच हलवलं होतं; १९७० च्या दशकात काही कुटुंबं परत राहायला आली आणि १९७८ साली त्यांना पुन्हा बेट सोडावं लागलं. कारण नारळ. प्रवाळाच्या चुनखडी मातीत पोटॅशियम जवळपास नाही आणि सीझियमला धरून ठेवणारी चिकणमातीही नाही. भुकेलेलं झाड पोटॅशियमऐवजी सीझियम-१३७ उचलतं. शास्त्रज्ञांनी तिथल्या झाडांना पोटॅश घातलं तेव्हा खोबऱ्यातलं सीझियम मोठ्या प्रमाणात उतरलं. वरची माती खरवडून काढण्याचाही विचार झाला होता, पण त्या मातीतच काय ती सेंद्रिय द्रव्यं. ती गेली तर खाली नुसता चुना राहतो. म्हणजे तुम्ही उसाला जे खत घालता तेच तिथं किरणोत्सारावरचं औषध ठरलं.

आयोडीनयुक्त मीठ जास्त खाल्लं तर थायरॉइड वाचतो का? मुलांसाठी गोळ्या घरात ठेवाव्यात का?
— पालक, राजारामपुरी

मिठानं हे काम होत नाही. थायरॉइड पूर्ण भरून टाकायला मोठ्या माणसाला एका वेळी १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, म्हणजे सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन लागतं. ग्राहकापर्यंत पोचलेल्या मिठात किलोला निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं, असा नियम आहे. करा भागाकार: साडेसहा किलोहून जास्त मीठ एका बैठकीला! त्याआधीच माणूस मिठानं जाईल. रोजच्या मिठाचा फायदा वेगळा: आयोडीनची कमतरता नसलेली ग्रंथी बाहेरचं आयोडीन कमी ओढते.

गोळ्यांचं प्रमाण १२ वर्षांवरच्यांना १३०, ३ ते १२ वर्षांना ६५, एक महिना ते ३ वर्षांना ३२ आणि नवजात बाळाला १६ मिलिग्रॅम. वेळ चुकली तर उपयोग नाही: हवेत आयोडीन येण्याआधीच्या २४ तासांत किंवा आल्यावर दोन तासांत घेतली तर उत्तम, आठ तासांपर्यंत काही फायदा, २४ तासांनंतर फायद्यापेक्षा तोटा जास्त. शिवाय गोळी फक्त आयोडीनवर चालते. सीझियम, स्ट्रॉन्शियम, प्लुटोनियमवर नाही. आरोग्य यंत्रणेनं सांगितल्याशिवाय घेऊ नये. आणि जखमेवर लावायचं आयोडीन कुणी पिऊ नये, हेही स्पष्ट लिहितो, कारण दोन पत्रांत तसं विचारलं आहे.

गोळी वेळेवर न मिळाल्यास काय होतं ते मार्शल बेटांपैकीच रोंगेलापनं दाखवलं. १ मार्च १९५४ चा बिकिनीवरचा ‘कॅसल ब्राव्हो’ स्फोट अंदाजे ६ मेगाटनांचा धरला होता, झाला १५ चा. इंधनातलं लिथियम-७ निष्क्रिय राहील हा हिशेब चुकला. प्रवाळाचा पांढरा भुगा बेटावर बर्फासारखा पडला, मुलं त्यात खेळली, पाण्यात तो मिसळला. लोकांना हलवायला दोन दिवस लागले. तेव्हा दहा वर्षांखालच्या असलेल्या बहुतेक मुलांना पुढं थायरॉइडच्या गाठी झाल्या, काहींची वाढही खुंटली.

जमिनीखाली चाचणी केली तर धोका नसतो ना? पोखरणला तर तसंच झालं.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, गारगोटी

हवेत जाण्याचा धोका खूप कमी होतो, पण संपत नाही. अमेरिकेतल्या नेवाडा चाचणीक्षेत्रात १८ डिसेंबर १९७० रोजी ‘बेनबेरी’ हा १० किलोटनांचा स्फोट सुमारे २७० मीटर खोल केला होता. तिथल्या चिकणमातीत अपेक्षेपेक्षा जास्त पाणी होतं. भेग पडली आणि ढग तीन किलोमीटर वर गेला, ८६ कामगार बाधित झाले. पोखरणला १९७४ आणि १९९८ साली खोल खड्ड्यांतच स्फोट झाले, वाळवंटातली जागा निवडण्याचं एक कारण पाण्यापासूनचं अंतर.

राहिलं पाणी. स्फोटात खडक वितळून काच बनते आणि बहुतेक प्लुटोनियम तिच्यात अडकतं. ट्रिटियम मात्र पाण्याचाच भाग होऊन पाण्याच्या वेगानं जातं. त्याचं अर्धआयुष्य १२ वर्षं, म्हणून शतकभरात ते जवळजवळ संपेल. प्लुटोनियम-२३९ चं २४,१०० वर्षं. ते विरघळत नाही म्हणून हलत नाही, असा समज होता. पण नेवाडातच १९६८ च्या एका स्फोटातलं प्लुटोनियम मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर बसून १.३ किलोमीटर लांब सापडलं.

आणि माणसाचा विचार करायला विसरू नका. सेमिपलातिन्स्कच्या ४५६ पैकी ३४० चाचण्या भूमिगत होत्या. क्षेत्र बंद झाल्यावर भंगारवाले तांब्याच्या तारांसाठी बोगद्यांत शिरू लागले. ते बोगदे पक्के बुजवायला २०१२ उजाडलं.

किरणोत्सार झालेल्यांच्या पुढच्या पिढ्या अपंग जन्मतात का?
— वाचक, इचलकरंजी

दोन गोष्टी वेगळ्या करा. आई गरोदर असताना बाळालाच डोस बसला, विशेषतः ८ ते १५ आठवड्यांत, तर मेंदूची वाढ खुंटते. हिरोशिमा-नागासाकीत हे नक्की दिसलं. आई-वडिलांना आधी डोस बसला आणि मूल नंतर राहिलं, अशा तिथल्या मुलांचा अनेक दशकं अभ्यास झाला. त्यांत आनुवंशिक विकारांची मोजता येईल अशी वाढ आढळलेली नाही. या समजामुळं तिथल्या मुलींची लग्नं मोडली, ते नुकसान किरणांनी केलेलं नव्हतं. स्वतः बाधित झालेल्यांना ल्युकेमिया दोन-तीन वर्षांपासून दिसू लागतो, इतर कर्करोग दहा-वीस-चाळीस वर्षांनी.

भूगोलाच्या प्रकल्पासाठी जमिनीची धूप मोजायची आहे. सीझियम-१३७ वापरतात असं वाचलं. इथं करता येईल?
— पदव्युत्तर विद्यार्थिनी, कोल्हापूर

येईल. चाचण्यांचं सीझियम मातीच्या कणांना चिकटून राहतं आणि मातीसोबतच वाहून जातं, म्हणून धूप मोजता येते. मातीत सीझियम दिसू लागतं ते १९५४ च्या सुमारास, सर्वाधिक १९६३ च्या थरात. तेव्हाचं आज चतुर्थांशाहून कमी उरलं आहे, म्हणून आणखी तीस वर्षांनी हे काम अवघड होईल.

आधी संदर्भजागा शोधा: सपाट, कधीही न नांगरलेली, वाहून न जाणारी. पन्हाळा-शाहूवाडीकडची एखादी जुनी देवराई चालेल. काळी जमीन टाळा. ती उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगेत पडते आणि सगळे थर मिसळतात. १० सेंटिमीटर व्यासाची नळी ३०-४० सेंटिमीटर खोल घाला, २-२ सेंटिमीटरचे काप करा, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, कुटा, २ मिलिमीटरच्या चाळणीनं चाळा. न नांगरलेल्या जागी सीझियम वरच्या १५-२० सेंटिमीटरमध्येच मिळेल, शेतात नांगराच्या खोलीपर्यंत सारखं पसरलेलं. शेताची चौरस मीटरमागची बेरीज संदर्भजागेपेक्षा जितकी कमी, तितकी धूप.

मोजणी जर्मेनियम डिटेक्टरवर, ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या रेषेवर (सीझियम ओळखायची खूण). आपल्या अक्षांशावर प्रमाण कमी असल्यानं एका नमुन्याला ८० हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ दिवसभर द्या. दहा काप म्हणजे दहा दिवस; प्रयोगशाळेची वेळ आधी मागून ठेवा. तळ्याचा गाळ घ्यायचा असेल तर तळं १९५४ च्या आधीचं हवं. कळंबा त्यात बसतो, पण जिथं गाळ उपसला असेल तो कोपरा सोडा, नाहीतर १९६३ चा थर ट्रॅक्टरमधून कधीच कुणाच्या शेतात जाऊन पडलेला असेल.