खुर्ची-टेबलाचे माप कोपरापासून घ्यावे

प्रश्न : मी घरी बसून तीन व्यापाऱ्यांचे हिशेब ठेवते आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून रोज सहा-सात तास काम चालते. माझी उंची पाच फूट आहे. दुपारनंतर मान अवघडते, खांदे भरून येतात आणि पाय लोंबकळत राहिल्याने पोटऱ्या जड होतात. रात्री याच टेबलावर माझा उंच भाऊ अभ्यास करतो, त्यामुळे टेबलाचे पाय कापून घेता येत नाहीत. महागडी खुर्ची घ्यावी का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : खुर्चीचा विचार तूर्त बाजूला ठेवून आधी शिवणकामाची टेप हातात घ्यावी. पावले जमिनीवर पूर्ण टेकतील अशा बुटक्या स्टुलावर ताठ बसा, खांदे सैल सोडा, दंड अंगालगत राहू द्या आणि कोपर काटकोनात वळवून जमिनीपासून कोपराच्या खालच्या बाजूपर्यंतचे अंतर भावाकडून मोजून घ्या. पाच फूट उंचीच्या व्यक्तीचे हे माप साधारण 60 सेंटिमीटरच्या आसपास भरते, तर बाजारात मिळणारे जेवणाचे किंवा ऑफिसचे टेबल बहुधा 75 सेंटिमीटर उंच असते. मधला 15 सेंटिमीटरचा फरक आपण खांदे उचलून भरून काढत आहात आणि दुपारपर्यंत ते थकतात ते याचमुळे. कितीही महाग खुर्ची आणली, तरी हा फरक तसाच ठेवून बसलात तर दुखणे थांबणार नाही.

टेबल खाली येत नसेल, तर आपण वर जावे. कोपर टेबलाच्या फळीच्या पातळीला येईल एवढी घट्ट गादी खुर्चीवर ठेवावी. मऊ फोम चालत नाही, कारण तो तासाभरात दबतो आणि माप पुन्हा बिघडते. पायांखाली चौरंग घ्यावा. त्याची उंची टेबल आणि कोपर यांच्यातील फरकाएवढी, म्हणजे आपल्या बाबतीत सुमारे 15 सेंटिमीटर असावी. भाऊ बसायला आला की गादी आणि चौरंग काढून ठेवायचा. मात्र जेवणाच्या टेबलाला फळीखाली आडवी पट्टी असते. तिला मांड्या घासू लागल्या तर तेथेच थांबावे, कारण मांड्या दाबून धरून बसणे हे खांदे उचलण्याइतकेच वाईट आहे. अशा वेळी दुसऱ्या, कमी उंचीच्या टेबलाचा विचार करावा. बसल्यावर खुर्चीची कड आणि गुडघ्यामागची खळगी यांत दोन-तीन बोटे मावावीत. कमरेच्या पोकळीत टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवली, तर पाठ टेकवून काम करण्याची सवय आपोआप लागते.

आता लॅपटॉप. त्याचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असल्यामुळे हात सुखी असले की मान खाली वाकते आणि मान सुखी केली की हात वर जातात. माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो असते आणि ते पुढे झुकवून धरण्याचे काम मानेच्या स्नायूंना तासन्‌तास करावे लागते. म्हणून खुर्चीसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून स्वतंत्र कळफलक आणि माऊस घ्यावा, हे मी आग्रहाने सांगते. लॅपटॉप जुन्या खतावण्यांच्या चळतीवर ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली आणावी. पडदा हातभर अंतरावर असावा. माऊस कळफलकाला खेटून ठेवावा, नाहीतर दर क्लिकसाठी दंड बाहेर फेकला जातो.

खिडकी पडद्याच्या समोर किंवा पाठीमागे नको, बाजूला हवी. वैशाखातल्या दुपारी पश्चिमेचे ऊन येत असेल तर खिडकीचा पडदा ओढून घ्यावा. कूलरचा झोत थेट डोळ्यांवर घेऊ नये, डोळे कोरडे पडतात. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहावे. दारातला लिंब त्यासाठी पुरेसा आहे. अर्ध्या तासाने मात्र उठलेच पाहिजे, कारण कितीही योग्य बैठक असली तरी शरीराला एकाच स्थितीत राहणे सोसत नाही.

प्रश्न : लातूरच्या मोंढ्यात आमचे आडत दुकान आहे. वडिलांप्रमाणे मीही गादीवर मांडी घालून बैठ्या, उतरत्या डेस्कवर काम करतो. आता त्यावर वहीऐवजी लॅपटॉप असतो. वय 52, चष्मा बायफोकल. मान आखडते आणि रात्री उजव्या हाताची बोटे बधिर होतात. खुर्ची लावावीच लागेल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : केवळ मानेसाठी गादी सोडण्याची गरज नाही. उतरता डेस्क वहीसाठी उत्तम होता, कारण तो कागद डोळ्यांकडे आणतो. टंकलेखनात मात्र त्या उतारामुळे मनगट वर वळते. कळफलक सपाट जागी, कोपराच्या पातळीला ठेवावा. चार इंच जाडीची घडी केलेली सतरंजी बुडाखाली घ्यावी, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहते आणि पाठीला बाक येत नाही. लोड कमरेला टेकवावा.

बायफोकलचा जवळचा नंबर भिंगाच्या खालच्या भागात असतो, म्हणून उंच पडदा पाहताना हनुवटी वर उचलावी लागते. परभणीच्या वाचकभगिनींना सांगितलेली उंची आपल्याला लागू नाही. आपला पडदा खालीच असू द्यावा आणि मागे कलता ठेवावा, किंवा हातभर अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा. आपले वडील सौद्याला, काट्याकडे, हमालांशी बोलायला दिवसातून कितीदा तरी उठत असतील. लॅपटॉपवर सगळे जागेवरच होते, तेव्हा ते उठणे आता आपल्याला ठरवून करावे लागेल.

बोटांच्या बधिरपणाकडे मात्र दुर्लक्ष नको. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन रात्री जाग येत असेल, तर मनगटातील नस दाबली जात असण्याची शक्यता असते. मधुमेह किंवा थायरॉईडच्या विकारातही हा त्रास अधिक आढळतो. बैठकीत बदल करून महिनाभर वाट पाहू नका. या आठवड्यातच डॉक्टरांना हात दाखवा आणि रक्तातील साखरही तपासून घ्या.