अण्णांची सोला हॅट दिवाणखान्यात ठेवायची का?

घरातलं वडीलधारं माणूस जातं, दिवसकार्य होतं, वर्षश्राद्धही पार पडतं आणि तरी एखादी वस्तू मागे राहते. छत्री, काठी, चपला, अंथरूण-पांघरूण यांचं आपल्या रीतीनं ठरलेलं असतं. तेराव्याला दान दिलं की तो प्रश्न परस्पर मिटतो. धोतरं-सदरे कुणाला तरी उपयोगी पडतात. पण ज्या वस्तूला रीत नाही आणि गिऱ्हाईकही नाही, तिचं काय? बंद पडलेलं मनगटी घड्याळ, फुटक्या भात्याची पेटी, जुनी हॅट. पितृपंधरवड्याच्या सुमाराला समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो. "मॅडम, ठेवली तर अडचण, टाकायला हात धजत नाही. टाकली तर पाप लागेल का?"

त्यातलीच एक हकीगत दोघांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते आहे.

साताऱ्यातलं जोडपं. मी त्यांना दादा आणि वहिनी म्हणत असे, इथंही तसंच म्हणते. शनिवार पेठेतलं जुनं घर पाडायला द्यायचं होतं आणि शाहूपुरीत फ्लॅट घेऊन झाला होता. घर रिकामं करताना अण्णांच्या, म्हणजे दादांच्या वडिलांच्या, कपाटावरून खाकी कापडानं मढवलेली सोला हॅट, म्हणजे उन्हात घालायची जुनी साहेबी टोपी, खाली आली. अण्णा कोयना धरणाच्या कामावर ओव्हरसियर होते. पन्नासच्या दशकात, ऐन बाविशी-तेविशीत, ते पाटण खोऱ्यात गेले आणि १९६४ मध्ये धरण पूर्ण झालं तरी आणखी काही वर्षं तिथंच राहिले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप त्यांनी कोयनानगरला अनुभवला होता. एवढं सगळं पाहिलेल्या माणसाची हॅट. दादांना ती काचेच्या पेटीत घालून नव्या दिवाणखान्यात, दारातून येताच दिसेल अशी ठेवायची होती.

वहिनी म्हणाल्या, "घरात कुठंही ठेवा, पण तिथं नको."

कारण त्यांनी सांगितलं नाही. दादांनी आपल्या परीनं अर्थ लावला की सासऱ्यांचं सगळं केलं ते वरवरचं होतं, माणूस गेल्यावर आता खरं बाहेर येतंय. आठवड्याभरात बोलणं "जेवायला वाढू का?" इथवर आलं. पुण्याच्या धाकट्या भावानं फोनवर तिसराच रस्ता काढला, जुन्या वस्तूंना ऑनलाइन लाखांनी किंमत येते, विकून टाका. किमतीचं आधीच सांगून टाकते. सोला हॅट त्या काळी साहेब, पोलीस, फौज, सर्व्हेवाले सगळेच वापरत. त्या ढिगानं बनल्या, म्हणून दुर्मिळ नाहीत. संकेतस्थळावर दिसतो तो आकडा विकणाऱ्याच्या अपेक्षेचा असतो. तेवढ्याला ती कुणी घेतली का, हे तिथं लिहिलेलं नसतं.

दादा एकटेच आले तेव्हा मी आधी एक गोष्ट तपासली. शोक लांबतो तेव्हा तो कधी कधी आजाराचं रूप घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाचं वेगळं निदान आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ तीव्र ओढ, रोजचं जगणं ठप्प, अशी त्याची लक्षणं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ च्या वर्गीकरणात मोठ्यांसाठी ही मुदत एक वर्षाची धरली आहे. दादा कामावर जात होते, नीट झोपत होते, हसत होते. त्यांना उपचारांची गरज नव्हती. ज्यांना झोप नाही, अन्न गोड लागत नाही, गेलेल्या माणसापाठोपाठ जावंसं वाटतं, त्यांनी वस्तूचा प्रश्न बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

पुढच्या वेळी दोघं आले. अशा वेळी मी वस्तूचं काय करायचं हे विचारतच नाही. दोघांना दोन कागद देते आणि सांगते, ही वस्तू डोळ्यांसमोर आली की पहिला प्रसंग कुठला आठवतो तो लिहा, एकमेकांना न दाखवता. तोंडानं बोलायला लागलं की माणूस लगेच बाजू मांडतो, लिहिताना जरा थांबतो. म्हणून कागद.

दादांनी लिहिलं होतं की अण्णा सुटीला घरी आले की हॅट उलटी करून त्यात लिमलेटच्या गोळ्या घेऊन यायचे.

वहिनींच्या कागदावर दोनच ओळी होत्या. "आजी सांगायची, टोपीवाला आला, साखळी टाकून शेत मोजलं, मग पाणी आलं. आमचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे."

दादांना वहिनींचं माहेर धरणग्रस्तांचं आहे हे ठाऊक होतं. लग्नाच्या बैठकीतच ते कळलं होतं. सांगली जिल्ह्यात नव्यानं वसवलेली वस्ती, तिथली थोडी जमीन, तिथलं माहेर. पण तीस वर्षांच्या संसारात त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं. माहेरचं दुःख सासरी काढायचं नाही, ही शिकवण आपल्याकडच्या बायकांना वेगळी द्यावी लागत नाही, आणि मला ती फार घातक वाटते. वहिनींनी तीस वर्षं अण्णांना डोळ्यांत तेल घालून जपलं ते खरंच होतं. हॅट बघून पोटात गोळा यायचा, तेही तितकंच खरं. हॅट अण्णांच्या खोलीत कपाटावर होती तोवर दोन्ही चालून गेलं. ती दिवाणखान्यात मानाच्या जागी बसणार म्हटल्यावर चालेना.

दादा हळूच म्हणाले, "पण अण्णांनी काय केलं? ते नोकरी करत होते."

हे वाक्य मी खूप घरांतून ऐकते, माणसं आणि नोकऱ्या तेवढ्या बदलतात. वाक्य खोटं नसतं, पण समोरच्याला ते दार लावून घेतल्यासारखं वाटतं. म्हणून मी त्या दिवशी धरणाबद्दलच बोलले. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली आला. कोयनेची गावं उठली तेव्हा तो नव्हताच. कुणाला कुठं, किती आणि कधी जमीन मिळेल याला कायद्याचा आधार नव्हता, आणि कोयना धरणग्रस्तांची आंदोलनं आपण आजही बातम्यांत वाचतो. त्याच कोयनेच्या विजेवर राज्यातले कारखाने चालले, घरोघरी दिवे लागले. आजीचं म्हणणं जुना राग म्हणून बाजूला टाकता येत नाही. अण्णांनी उन्हातान्हात केलेलं कामही रद्द होत नाही. दोन्ही त्या घरात आहे, आणि ते तिथं असणारच.

मोठा उलगडा कऱ्हाडच्या आक्कांकडून झाला, दादांच्या थोरल्या बहिणीकडून. माझ्या सांगण्यावरून दोघं त्यांना भेटायला गेले. आक्का म्हणाल्या, अण्णा सुरुवातीला काही महिने मोजणीच्या पथकाबरोबर होते. भरपाईसाठी परसातली झाडं मोजून लिहायची असायची. एका घरी म्हातारीनं त्यांना ताक दिलं, आणि ते पिऊन झाल्यावर त्यांनी तिच्याच परसातले फणस मोजून वहीत लिहिले. म्हातारपणी अण्णा हे पुन्हा पुन्हा सांगायचे, फक्त आक्कांपाशी.

ती म्हातारी वहिनींची आजी नव्हती, गावही दुसरं. वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "मला का नाही सांगितलं कधी? मी रोज ताक द्यायचे त्यांना." आणि रडल्या. पुढच्या भेटीत हे मला सांगतानाही त्यांचा आवाज भरून आला होता. अण्णांनी सुनेला का सांगितलं नसेल, याचा अंदाज मी बांधला नाही. दादांनीही बांधू नये असं मी त्यांना म्हटलं. गेलेल्या माणसाच्या वतीनं माफी मागायची घाई मुलं फार करतात. त्यानं ऐकणाऱ्यावरच ओझं पडतं, कारण आता त्याला माफ करावं लागतं.

यानंतर हॅटचं ठरवायला वेळ लागला नाही. दिवाणखान्यात ठेवायची नाही, असं दादाच म्हणाले. संग्रहालयाला द्यावी का, असंही त्यांनी विचारलं. नुसती हॅट संग्रहालयाला फारशी कामाची नसते. कुणाची, कुठल्या कामावरची, कोणत्या वर्षांतली, हे सोबत लिहून दिलं तर तिला अर्थ येतो. म्हणजे लिहावं तर लागणारच. मग आधी लिहू या, असं ठरलं. हॅटचा फोटो काढायचा, त्याखाली अण्णांचं काम, फणसाची गोष्ट आणि आजीची गोष्ट अशी तिन्ही लिहायची. प्रत एकेक तिन्ही भावंडांना. हॅट आक्कांकडे, कारण त्यांना ती हवी होती आणि घरात कुणाला खुपत नव्हती.

फोटोचं मी उगाच सुचवत नाही. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात वसतिगृहांतल्या मुलांना जिवाभावाच्या पण आता वापरात नसलेल्या वस्तू दान करायला सांगितलं गेलं. काही वसतिगृहांत "आधी फोटो काढून ठेवा, मग द्या" असं आवाहन होतं, बाकी ठिकाणी नुसतंच "द्या". फोटोवाल्या ठिकाणी ६१३ वस्तू आल्या, दुसरीकडे ५३३. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवण कुठंतरी नीट ठेवली आहे असं वाटलं की हात सैल होतो, हे मी माझ्यासमोर बसलेल्या माणसांतही पाहते.

हॅट कशी ठेवायची हे वहिनींनीच आक्कांना समजावलं. सोला हॅट आतून भेंडाच्या जातीच्या गाभ्याची असते, आपली बाशिंगं करतात तसाच हलका, पांढरा. तो पाणी शोषतो आणि दाबला की चेपतो. म्हणून ती धुवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची नाही, खुंटीला टांगायची नाही. मऊ ब्रशनं धूळ काढायची आणि धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात सैल गुंडाळून खोक्यात ठेवायची. साताऱ्या-कऱ्हाडच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली तर आत दमट होऊन बुरशी येते. उचलताना टोक चिमटीत न धरता दोन्ही हातांनी काठाखालून उचलायची.

पाप लागेल का, हेही दादांनी शेवटी विचारलंच. मी त्यांना म्हटलं, तेराव्याला अण्णांच्या चपला तुम्ही स्वतःच्या हातानं दिल्यात, तेव्हा पाप वाटलं नाही. पुण्य म्हणूनच दिल्यात. मग आक्कांना हॅट देण्यात काय वावगं आहे?

लिखाण अजून पुरं झालेलं नाही. अण्णांचा भाग दादांनी लिहून दिला, आक्कांचा फणसही झाला. वहिनींना आजीच्या घरची झाडं नेमकी कोणती आणि किती होती ते लिहायचं आहे, आणि ते आता फक्त त्यांच्या थोरल्या काकांना आठवतं. दिवाळीनंतर दोघं त्यांच्याकडे जाणार आहेत. वही दादांनी विकत आणली आहे.