मालाच्या पोटातलं तापमान

वाचकांचे प्रश्न

(नागपूरजवळ वाडीला रीफर गाड्यांचं, म्हणजे माल थंड ठेवून नेणाऱ्या ट्रकांचं ऑफिस सांभाळणाऱ्या ताई या सदरात वाचकांना उत्तरं देतात.)

प्रश्न : काटोलला आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराचा माल नोव्हेंबरात रीफर गाडीने बेंगळुरूच्या व्यापाऱ्याकडे पाठवला. मशीन मुद्दाम ४ अंशांवर लावायला सांगितलं होतं. तिकडे पेट्या ओल्या निघाल्या, मधली फळं सडलेली. गाडीवाला म्हणतो माल खराब होता, व्यापारी म्हणतो गाडी खराब होती. खरं कोणाचं?
— एक बागायतदार, काटोल

उत्तर : दादा, दोघांचंही अर्धं-अर्धं. तोडा किती वाजता केला ते तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्याकडची रीत मला ठाऊक आहे. दुपारपर्यंत तोडा, बागेतच पेट्या भरायच्या, सांजेला गाडी लावली की हमालांनी भराभर चढवायचं. नोव्हेंबरातसुद्धा दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो आणि उन्हात पडलेल्या फळाचा गर त्याहून तापतो. तो माल तुम्ही बंद पेटीत घालून गाडीत कोंबलात.

रीफर गाडी माल थंड करत नाही. थंड आलेला माल थंड ठेवते, बस्स. थर्मासात कोमट चहा ओतला तर बेंगळुरूपर्यंत कोमटच जाणार. गाडीच्या मशीनची ताकद भिंतींतून, छतातून आत येणारी उष्णता बाहेर फेकण्यापुरती असते. काही टन तापलेल्या संत्र्यांसाठी ती पुरत नाही. त्यात संत्रं तोडल्यावरही श्वास घेत राहतं आणि स्वतःची उष्णता सोडतं. केबिनमधल्या डिस्प्लेवर ४ दिसत होतं, ते हवेचं. पेटीतल्या मधल्या संत्र्याला कोणी विचारलं?

आणि मुळात ४ कशाला? जास्त गार म्हणजे जास्त चांगलं, हा समज मला रोज फोनवर ऐकू येतो. आपल्या नागपुरी संत्र्याला सहा-सात अंश मानवतात. त्याखाली बरेच दिवस ठेवलं तर सालीवर खोलगट तपकिरी डाग पडतात, चव उतरते आणि बाहेर काढल्यावर फळ लवकर सडतं. केळं तर १३ अंशांच्या खाली काळवंडतं. प्रत्येक फळाचा आकडा वेगळा आहे, तो आधी विचारून घ्या. संत्र्यासाठी नागपुरातच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे विचारायला पैसे पडत नाहीत.

पेट्या ओल्या का झाल्या? थंड गाडीचं दार दमट हवेत उघडलं की फळांवर दव धरतं. ते पुठ्ठ्यात मुरतं, पुठ्ठा मऊ पडतो आणि वरच्या पेट्या खालच्यांवर बसतात. तुमच्या पेट्यांना भोकं होती का? भिंतीला चिकटवून, छतापर्यंत थप्पी लावली होती का? गार हवा मशीनपासून छताखालून मागच्या दारापर्यंत जाते आणि मालातून, तळाच्या खाचांतून पुढे परत येते. तिचा रस्ताच बुजवला तर मशीन बिचारं आपल्याच हवेशी खेळत बसतं. आतल्या भिंतीवर लाल रेघ असते, माल तिच्या वर नाही म्हणजे नाही.

पुढच्या बहाराला असं करा. सकाळचं दव वाळू द्या आणि मगच तोडा; ओल्या सालीला जरा दाब बसला की त्यातलं तेल फुटून डाग पडतात. देठाशी कात्रीने कापा, ओढू नका. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, ओढलं की देठापाशी फाटते आणि बुरशीला दार मिळतं. माल सावलीत, मग जवळच्या शीतगृहात रात्रभर. गाडी आली की चढवण्याआधी प्रोब थर्मामीटर दोन-चार पेट्यांतल्या मधल्या फळात गरापर्यंत खुपसा आणि जो आकडा येईल तो बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर लिहून ड्रायव्हरची सही घ्या. फळं चार वाया जातील, जाऊ द्या. उतरवताना व्यापाऱ्यानेही तसंच करावं. मग भांडायची गरजच उरत नाही, दोन आकडे समोरासमोर ठेवले की झालं. माझ्या ऑफिसात हा आकडा नसेल तर गाडी निघत नाही. त्यावरून काही गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत.

प्रश्न : माझं आइस्क्रीमचं दुकान आहे. उन्हाळ्यात येणारा माल खाताना रवाळ लागतो, खडे लागतात. वितरक मशीनचा कागद दाखवतो, त्यावर उणे १८ असतं.
— एक दुकानदार, नागपूर

उत्तर : कागद खोटा असेलच असं नाही. उणे १८ ही गोठवलेल्या मालाची लक्ष्मणरेषा. पण आइस्क्रीम त्या रेषेवरच उभं करून मे महिन्यात शहरभर फिरवायचं म्हणजे पाय घसरणारच. नागपूरने २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिलेत. दुकानागणिक गाडी थांबते, दार सताड उघडं, पोऱ्या आत शिरून तुमचे बॉक्स शोधतोय. वरचा थर मऊ होतो, पुन्हा गोठतो, पुढच्या दुकानाशी पुन्हा मऊ. या गोठण्या-विरघळण्यात बारीक स्फटिक एकमेकांत मिळून मोठे होतात. तेच तुमचे खडे.

डबा उघडून बघा. झाकणाच्या आतून बर्फाचा भुरा जमलाय, आइस्क्रीम कडेपासून सुटून खाली बसलंय, तर तो माल वाटेत विरघळला होता असं खुशाल समजा. परत करा. दोन बॉक्सांच्या मध्ये थर्मामीटर दाबून धरायची सवय लावा, बॉक्स फोडायचीही गरज नाही. वितरकाला तीन गोष्टी सांगा: माल उणे २० च्या खाली घेऊनच निघ, दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लाव, आणि शेवटच्या दुकानाचा माल सगळ्यात आत भर. आणि एक, जे ऐकून लोक माझ्याकडे वेड्यासारखे बघतात: दार उघडं असताना मशीन बंद ठेवायचं. चालू पंखा बाहेरची गरम दमट हवा आत ओढतो, मशीनच्या गार नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर, बर्फ चढतो, मग दार लावल्यावरही गारवा येत नाही.

आणि हो, गाडी आल्यावर माल फुटपाथवर ठेवून बिल तपासत बसता ना? माल आधी फ्रीजरमध्ये टाका, बिल मग बघा.

प्रश्न : एकाच गाडीत मासळी, पनीर आणि संत्री पाठवली तर भाडं वाचेल. चालेल का?

उत्तर : नाही. मासळीला बर्फात शून्याच्या आसपास हवं, संत्र्याला सहा-सात, आणि पनीर मासळीचा वास घ्यायला टपलेलंच असतं.

प्रश्न : ताई, मी ट्रक चालवतो. जुनी रीफर गाडी घ्यायचा विचार आहे. नागपूर मध्यावर असल्याने धंदा मिळेल असं सगळे म्हणतात. घेताना काय बघू?
— एक ड्रायव्हर, कामठी रोड

उत्तर : मध्यावर आहोत हे खरंच. ४४ आणि ५३ नंबरचे महामार्ग इथेच एकमेकांना कापतात, आणि ५ जून २०२५ पासून समृद्धीचे ७०१ किलोमीटरही पूर्ण झाले. जायला माल मिळतो रे, यायला काय मिळणार ते आधी बघ. रिकामी परत आली तर डिझेल तुझ्या खिशातून जाईल. परतीचा माल ठरल्याशिवाय बयाणा देऊ नकोस.

मशीन गाडीच्या इंजिनवर चालतं की त्याचं स्वतःचं वेगळं डिझेल इंजिन आहे, हे पहिलं विचार. गाडीच्या इंजिनवरचं असेल तर ढाब्यावर इंजिन बंद म्हणजे गारवा बंद. शहरातल्या फेऱ्यांना ते ठीक, हैदराबाद-दिल्लीला नाही. वेगळं इंजिन असलं की दुसरा मोह येतो: रात्री मशीन बंद ठेवून डिझेल वाचवायचं आणि पोचायच्या तासभर आधी चालू करायचं. तू करणार नाहीस, पण उद्या ड्रायव्हर ठेवशील तर लॉगर, म्हणजे तापमान सतत नोंदवणारं यंत्र, बसवून घे. त्याच्या आलेखात हा डोंगर लपत नाही. अन्नसुरक्षेचा परवानाही काढावा लागेल, मोठी गिऱ्हाइकं आधी तोच मागतात.

गाडी भर दुपारी बघायला जा, सकाळी नाही. रिकामी गाडी उन्हात उभी करून मशीन लाव आणि किती वेळात उणे १८ ला जाते ते घड्याळ लावून बघ. मग मशीन बंद करून दार लावलेलंच ठेव आणि पारा किती झपाट्याने चढतो तेही बघ. झपाट्याने चढला तर भिंतीतल्या पफमध्ये, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोममध्ये, पाणी शिरलं असेल. शेवटी मशीन बंद असतानाच तू आत उभा राहा आणि भरवशाच्या माणसाला बाहेरून दार लावायला सांग. आत कुठूनही उजेडाची रेघ दिसली तर रबर गेलंय. ते बदलून मिळतं, त्यासाठी गाडी सोडू नकोस, पण भाव पाडून घे.