अबुगीदा : देवनागरीच्या प्रकाराला इथिओपियाचं नाव

प्रश्न असा आहे : देवनागरीसारख्या लिप्यांना भाषाशास्त्रात 'अबुगिडा' म्हणतात, तो शब्द कुठला? आणि तो इथिओपियाचा असेल, तर संगणकावर तिथल्या अक्षरांना आपल्यासारखे सुटे काना-मात्रे का नसतात?

शब्द इथिओपियाचाच. तिथल्या गीझ लिपीत प्रत्येक व्यंजनाची सात रूपं असतात. 'ब' घेतला तर साधारण ब, बु, बी, बा, बे, ब्, बो. आपली बाराखडी, तशी ही सातखडी म्हणू. अक्षरं शिकवण्याच्या तिथल्या एका जुन्या क्रमाची सुरुवात अ, बु, गी, दा अशी होते. पहिलं अक्षर पहिल्या स्वराचं, दुसरं दुसऱ्या, तिसरं तिसऱ्या, चौथं चौथ्या. व्यंजन बदलतं तसा स्वरही एक घर पुढे सरकतो. पाठांतराची ही युक्ती मला फार आवडते. लिप्यांचे अभ्यासक पीटर डॅनियल्स यांनी १९९० मध्ये अशा सगळ्या लिप्यांसाठी हेच नाव सुचवलं आणि ते देवनागरीलाही लागलं.

आता संगणकाचं. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या यादीत, ही लिपी १९९९ साली आली, ती सबंध अक्षरांची. सोळाच्या मानात (दहाऐवजी सोळाचा पाया धरून, म्हणजे हेक्साडेसिमल पद्धतीने) मोजलं तर 'ब'चा क्रमांक १२६०, 'बु'चा १२६१, 'बी'चा १२६२, 'बा'चा १२६३, असं 'बो'पर्यंत १२६६. आठवं घर 'ब्वा'चं. प्रत्येक ओळ आठ घरांची, म्हणून क्रमांकाला आठाने भागून उरणाऱ्या बाकीवरून बहुतेक अक्षरांचा स्वर कळतो. मधे एखादं रूप वापरात नसेल, तर त्याचं घर रिकामं ठेवलं आहे.

आपल्याकडे 'बु' म्हणजे 'ब' आणि उकार असे दोन क्रमांक. 'सलाम' हा शब्द गीझ लिपीत लिहिल्या जाणाऱ्या अम्हारिक या इथिओपियाच्या भाषेतही अभिवादनाचा. तो तिथे तीन अक्षरांत, तीन क्रमांकांत लिहिला जातो. देवनागरीत स, ल, काना, म असे चार लागतात.

असं का? एक तर गीझमधला स्वर व्यंजनाच्या अंगात मुरलेला असतो. कुठे उजवीकडे छोटी रेघ, कुठे एक पाय लांबवलेला, कुठे सगळा आकारच वेगळा. 'रु' तिथेही नियम मोडतो, अगदी आपल्या 'रु'सारखा! पण माझ्या मते खरा फरक जोडाक्षरांचा आहे. गीझमध्ये ती नाहीतच. सहावं रूप कधी नुसतं व्यंजन असतं, कधी त्यात पुसटसा स्वर असतो; कुठे काय, ते वाचणाऱ्याला भाषेवरून कळतं. त्यामुळे अक्षरांची संख्या आवाक्यात राहते. अम्हारिकची मूळ ३३ गुणिले ७, म्हणजे २३१, आणि वर थोडी 'ब्वा'सारखी. देवनागरीत 'र्त्स्न्य'पर्यंत काहीही जुळू शकतं. प्रत्येक जोडाक्षराला क्रमांक द्यायचा म्हटलं तर यादी संपणारच नाही.

या सोयीची किंमतही आहे. मराठीत 'बॅट', 'कॅप' लिहायला ॅ ही एकच खूण पुरते, ती कुठल्याही व्यंजनावर बसते. गीझमध्ये नव्या व्यंजनाबरोबर त्याची सगळी रूपं स्वतंत्रपणे नोंदवावी लागतात. २००५ मध्ये भर पडली, २०१० मध्ये पडली आणि २०२१ मध्ये इथिओपियातल्याच गुरागे भाषांसाठी आणखी २८ अक्षरं आली. तोवर ती अक्षरं युनिकोडमध्ये लिहायची सोयच नव्हती.

राहिला उच्चार. 'अबुगिडा' हे रूप इंग्रजीवाटे आलेलं आहे. मूळ ध्वनी आपल्या 'द'च्या जवळचा, आणि तिसऱ्या अक्षराचा स्वर दीर्घ ईसारखा. आपल्याकडे दोन्ही अक्षरं असताना मी 'अबुगीदा' लिहितो, आणि तुम्हीही तसंच लिहावं असं सुचवेन.