वडिलांच्या दोन दाढा : कवळी, ब्रिज की इम्प्लांट?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वडील 64 वर्षांचे, शिरपूरला राहतात. खालच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा तीन वर्षांपूर्वी काढल्या. शुगर आहे, तंबाखू ‘थोडीशी’ आहे. तिथल्या डॉक्टरांनी इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, सुचवलंय, पुण्याचा भाऊ म्हणतो इकडेच आणा, आणि आई म्हणतात या वयात कशाला एवढा खर्च.

मी डॉक्टर नाही. जळगाव जिल्ह्यातल्या एका शाळेतून निवृत्त झालेला मास्तर आहे. उजवीकडे खाली दोन इम्प्लांट आहेत, पाचवं वर्ष चालू आहे. जे सांगतो ते स्वतःच्या तोंडाचं.

आधी आईंचं. वय आड येत नाही. आड येतं ते हाड, हिरड्या, शुगर आणि तंबाखू. दवाखान्यात माझ्याबरोबर बाकावर बसलेल्या आजी चौऱ्याहत्तरच्या होत्या आणि त्यांचं काम माझ्यापेक्षा लवकर उरकलं, कारण त्यांचं हाड शाबूत होतं. माझं नव्हतं, आणि तो दोष माझाच. दाढा काढल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, सहा महिन्यांत काहीतरी बसवून घ्या. मी सात वर्षं काढली. एका बाजूने चावायची सवय लागते, आणि सवय लागली की माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. घरात कळण्याची भाकरी झाली की मी ती दुधात कुस्करायचो. उन्हाळ्यात बिबडे तळले की पोरं कुडुम-कुडुम खायची आणि मी आमटीत भिजवून. आमची मावशी तेव्हा म्हणायची, “मना दात ग्यात रे भाऊ, आते चव बी गई.” तिचे सगळेच गेले होते, माझे दोनच. पण मी वागत होतो तिच्यासारखाच.

दात गेला की त्याखालच्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजायला लागतं. सगळ्यात जास्त झीज पहिल्या वर्षातच होते. स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनी मला स्क्रीनवर माझ्या जबड्याचा आडवा काप दाखवला. खाली रुंद आणि वर येता येता सुरीच्या पात्यासारखा. साडेचार मिलिमीटरचा स्क्रू बसवायचा तर दोन्ही बाजूंना निदान एकेक मिलिमीटर हाड हवं, आणि माझ्याकडे वर एकूण चारच होतं. शिवाय समोरची वरची दाढ टेकायला काही नाही म्हणून खाली उतरून आली होती, ती घासून सारखी करावी लागली. मग आधी हाडाची पावडर भरली, वर पातळ पडदा, टाके, आणि पाच महिने थांबलो. खर्चही वाढला. तुमच्या वडिलांना तीन वर्षं झालीत, म्हणून पहिलं काम थ्रीडी स्कॅन, ज्याला सीबीसीटी म्हणतात. नुसत्या छोट्या एक्स-रेवर हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी शीर जाते, तिच्यापासून दोनेक मिलिमीटर अंतर ठेवायचं असतं. तेही स्कॅनवरच नीट मोजता येतं.

इम्प्लांट म्हणजे दात नव्हे, दाताचं मूळ. टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात आणि हाड त्याला घट्ट धरून वाढतं. हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क नावाच्या संशोधकांच्या 1952 मध्ये लक्षात आलं. सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहायला त्यांनी टायटॅनियमचं उपकरण बसवलं होतं, ते काम झाल्यावर निघेचना. 1965 मध्ये त्यांनी योस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. तो 2006 मध्ये वारला तोवर ते चालू होते. हे मी घरी सांगितलं तर बायको म्हणाली, “त्याने तुमच्यासारखी तंबाखू खाल्ली नसेल.”

तिचं म्हणणं खरं निघालं. तंबाखू आणि सिगारेट यांनी हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही आणि इम्प्लांट निकामी होण्याची शक्यता वाढते. ‘थोडीशी’ हा शब्द डॉक्टरांपुढे वापरू नका. किती पुड्या, दिवसातून किती वेळा, रात्री गालात धरून झोपतात का, हे सांगा. मिश्री लावत असतील तर तेही तेच प्रकरण. मी चार महिने आधी सोडली. नंतर एकदा लग्नात घेतली, तेही सांगतो, लपवत नाही. शुगरचं म्हणाल तर तीन महिन्यांची सरासरी, एचबीए1सी, सातच्या आसपास असेल तर बहुतेक डॉक्टर काम हाती घेतात. आठच्या पुढे असेल तर थांबवतात आणि थांबवावंच. हाडं ठिसूळ झाल्याचं वर्षातून एकदा घेतात ते इंजेक्शन किंवा तशा गोळ्या चालू असतील, किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर ती पहिल्याच भेटीत सांगा. स्वतःच्या मनाने कुठलीच गोळी बंद करू नका.

दुखतं का? दात काढताना जेवढं दुखलं त्याहून कमी. बधिर केल्यावर वेदना नसते, आवाज असतो. ड्रिलबरोबर पाणी चालू असतं आणि सगळी थरथर कानात भरते. शेवटी पान्यासारखं हत्यार लावून स्क्रू फिरवतात, सायकलचा नट आवळताना येतो तसा कटकट आवाज. माझे डॉक्टर मोठ्याने म्हणाले, “पस्तीस झाला, बस.” म्हणजे 35 न्यूटन-सेंटिमीटरचा जोर. दुसऱ्या दिवशी गाल सुजला, तिसऱ्या दिवशी उतरला. डिसेंबर होता, भरताचा मोसम, आणि मी आठवडाभर बिनमिरचीचं भरीत, मऊ खिचडी आणि केळी यांवर काढला. बिनमिरचीचं भरीत काय लागतं ते विचारू नका.

खरी परीक्षा नंतरच्या थांबण्याची. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्यात हाड मऊ म्हणून चार ते सहा. मगच वरची कॅप, म्हणजे दिसणारा दात. काही जागी त्याच दिवशी किंवा तीन दिवसांत दात देतात. ते खोटं नाही, पण त्याला तसं हाड आणि तशी पकड लागते. मला एका ठिकाणी तपासणीआधीच “तीन दिवसांत पक्के दात” सांगितलं आणि चांगले असलेले आणखी चार दातही काढायला सुचवलं. मी चप्पल घालून बाहेर आलो.

आता पुणे की जवळ? माझं मत जवळ. सगळं धरून आठ-नऊ फेऱ्या होतात. शिरपूरहून पुण्याला म्हणजे रात्रभराची गाडी, धुळं तासाभरावर. शिरपूरचे डॉक्टर स्वतः करतात की बाहेरून सर्जन बोलावतात, तेही विचारा. बोलावत असतील तर वाईट नाही, फक्त नंतर जबाबदार कोण ते ठरवून घ्या. दुसऱ्या वर्षी माझी एक कॅप हलायला लागली. जीव घाबरला, पण आतला छोटा स्क्रू सैल झाला होता, पंधरा मिनिटांत आवळून दिला. माझ्या एका सोबत्याने दूरच्या शहरात केलं होतं. त्याची कॅप हलली तेव्हा इथल्या कुणाकडे त्या कंपनीचा जुळणारा स्क्रूच नव्हता, आणि त्याला कंपनीचं नावही माहीत नव्हतं. म्हणून इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर मागून घ्या: कंपनी, माप, लॉट नंबर. माझं रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे.

खर्च: मला हाडाची पावडर सोडून एका दातामागे 35,000 रुपये आले. कंपनी आणि कॅपप्रमाणे 25 हजारांपासून 50 हजारांच्या पुढेही ऐकलंय. अपघातात दात गेला नसेल तर मेडिक्लेम सहसा देत नाही. पैशाची ओढाताण असेल तर धुळ्याच्या डेंटल कॉलेजला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करा. वेळ जातो, पण दर कमी असतात.

ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेले पक्के दात. तो स्वस्त आणि लवकर, पण त्यासाठी शेजारचे चांगले दात घासावे लागतात, आणि गेलेल्या दाढांच्या मागे दात शिल्लक हवा. शेवटच्या दोन गेल्या असतील तर ब्रिजला मागे आधारच नाही, हे आधी आरशात बघा. काढता-घालता येणारी कवळी सगळ्यात स्वस्त. दोन दाढांसाठी मात्र ती बहुतेकांच्या कपाटातच पडून राहते.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. स्वतःच्या दाताभोवती एक पातळ गादी असते, तिच्यामुळे भाकरीत खडा आला की लगेच कळतं. इम्प्लांटला ती नसते. ज्वारी नीट निवडलेली नसेल तर खडा पूर्ण चावला गेल्यावर आवाजाने कळतं. पहिला महिनाभर मी उजवीकडे सांभाळून चावत होतो. आणि इम्प्लांटला कीड लागत नाही म्हणून ब्रश सोडायचा नाही. त्याच्याभोवतीची हिरडी न दुखता सडू शकते. मी रोज रात्री फटीतला बारीक ब्रश फिरवतो, रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जातो.

वडिलांचा एचबीए1सी किती आहे आणि मागे दात शिल्लक आहे का, एवढं लिहा. त्यावर पुढचं बोलू.